पडद्यावरील पैलवानाला चेहरा कसा चढवितात?

या पानावर आम्ही आजवर सूत, रंग, सायझिंग, उधारी आणि जीएसटी यांविषयी लिहीत आलो आहोत. या वेळचा विषय पाहून काही बुजुर्ग वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. कुस्तीचा व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा वेळ घालविण्याचा प्रकार, त्याचा धंद्याशी संबंध काय? आमचाही प्रश्न हाच होता. परंतु आमच्या पेढीवर ड्रेस मटेरियलची डिझाइने कॉम्प्युटरवर बसविणारा एक तरुण कारागीर आहे. तो रात्री घरी गेममधील पैलवानांचे चेहरे तयार करतो आणि परदेशातील काही शौकीन त्याला त्याची उजरत पाठवितात, असे कळल्यावर आम्ही चार-पाच रात्री त्याच्याशेजारी बसून हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले.

पाहिल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. फर्मा, शेड आणि शिलाईचा जोड ज्याला कळतो, त्याला हे काम निम्मे आधीच कळलेले असते. दुसरे असे की, यात आमच्या मुलांचे जे नुकसान होते ते कॉम्प्युटर न आल्यामुळे होत नाही. चेहरा कोणाचा, नमुना कोणाचा आणि पैसे कधी घ्यायचे, हे न विचारल्यामुळे होते. म्हणून आधी काम सांगतो, नंतर हिशेब.

अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या नावाने निघणारे गेम जगभर खेळले जातात. त्यांतील मोठी मालिका २००० पासून २०१८ पर्यंत जपानच्या यूक्स कंपनीने बनविली. २०१३ पासून टू-के ही कंपनी ती बाजारात आणते. कंपनी आपल्या करारातील पैलवान गेममध्ये देतेच. २०१४ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून त्यांची डोकी चहूबाजूंनी स्कॅन करून घेण्यास सुरुवात झाली. त्याखेरीज खेळणाऱ्याला आपल्या मर्जीचा पैलवान उभा करण्याची सोय असते. उंची, बांधा, केस, पोशाख, डाव सर्व काही निवडता येते. कोणाला आपल्या बालपणीचा पैलवान हवा असतो, कोणाला स्वतःचाच चेहरा, कोणाला भावाचा. गेममधील तयार चेहऱ्यांत तो सापडत नाही. तेथे कारागिराचे काम सुरू होते.

चेहऱ्याचा फर्मा

पडद्यावरील पैलवान आतून पोकळ असतो. हजारो लहान त्रिकोणांची एक जाळी असते, तिला डोक्याचा, खांद्यांचा, छातीचा आकार दिलेला असतो. या जाळीला स्वतःचा रंग नसतो. तिच्यावर एक सपाट चित्र ताणून बसवितात. त्या चित्राला टेक्स्चर म्हणतात. ही युक्ती एडविन कॅटमुल यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात मांडली. पुढे पिक्सार ही कार्टून चित्रपटांची कंपनी उभी करणाऱ्यांत तेही होते.

सपाट चित्र गोल डोक्यावर बसवायचे कसे? टेलर मास्टर गोल खांद्यावर सपाट कापड ज्या रीतीने बसवितो, त्याच रीतीने. डोक्याची जाळी एका रेषेवर उसवून सपाट पसरतात. उसवण्याची रेघ बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूस घेतात, म्हणजे ती केसांखाली झाकली जाते. जाळीच्या प्रत्येक टोकाला सपाट चित्रावरील एक जागा नेमून दिलेली असते. लांबी, रुंदी, खोली यांना एक्स, वाय, झेड ही अक्षरे आधीच दिलेली असल्यामुळे चित्रावरील आडव्या-उभ्या मापाला यू आणि व्ही म्हणतात, आणि या फर्म्याला यूव्ही. पसरलेला चेहरा प्रथम पाहिला तेव्हा आम्हाला बकरी ईदच्या दिवशी वाळत घातलेल्या कातड्याची आठवण झाली. गाल दोन्हीकडे ताणलेले, कान कडेला गेलेले, हनुवटी खाली रुंद झालेली. पण त्यात हिशेब आहे. नाकाचा शेंडा फर्म्यावर जेथे आहे, तेथेच चित्रातील नाकाचा शेंडा आला पाहिजे. दोन दोऱ्यांचा फरक झाला तरी नाकाची सावली गालावर जाते.

जुन्या गेममध्ये हे काम आमच्या जकार्डच्या ग्राफसारखे होते. निन्टेन्डो ६४ या यंत्रावर २००० मध्ये आलेला डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी हा गेम शौकिनांना आजही प्रिय आहे. त्या यंत्रात टेक्स्चर ठेवण्याची झटपट जागा अवघी ४ किलोबाइट. १६ रंगांची पट्टी वापरली तर त्यातील निम्मी जागा रंगपट्टीसाठी राखावी लागे आणि चित्र फार तर ६४ बाय ६४ ठिपक्यांचे बसे. म्हणजे डोळा चार-सहा ठिपक्यांत आणि मिशी एका ओळीत. ज्यांनी ग्राफ पेपरवर बुट्टी मांडली आहे त्यांना यातील मेहनत सांगावी लागणार नाही. एक चौकट चुकीची भरली तर मोराचा बगळा होतो.

आजच्या गेममध्ये १०२४ किंवा २०४८ ठिपक्यांचे चौरस चित्र चालते. २०४८ बाय २०४८ म्हणजे ४१,९४,३०४ ठिपके. जागा वाढली, परंतु चूक लपण्याची सोय गेली. छिद्र, सुरकुती, दाढीचा खुंट सर्व दिसते.

फोटो घेताना

निम्मे चेहरे फोटोतच बिघडतात. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तोच फोटो डोक्यावर बसविला की माणूस उंदरासारखा दिसतो. आठ-दहा फुटांवर उभे राहून, झूम करून, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्यावा. एक समोरून, दोन बाजूंनी, आणि जमल्यास दोन तिरपे. तोंड मिटलेले, चेहरा शांत, केस मागे, चष्मा काढलेला. टोपीही काढावी, कारण तिच्या कडेची सावली कपाळावर पडते आणि ती नंतर पुसता पुसता पुरे वाटते.

उजेडाची बाब आमच्या लोकांना अधिक समजावी. कापडाची शेड आपण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पास करीत नाही, बाहेर सावलीत नेऊन पाहतो. चेहऱ्यालाही तोच उजेड हवा: ढगाळ दिवस, किंवा उत्तरेकडील खिडकी. फ्लॅश नको, ऊन नको. फोटोच्या कोपऱ्यात कोरा पांढरा कागद धरावा, म्हणजे नंतर रंग सरळ करताना पांढरे कशाला म्हणायचे हे ठरलेले राहते.

तयारी

आता टेबलावरचे काम. फोटोशॉप विकत घेण्याची ऐपत नसेल तर गिम्प हा कार्यक्रम मोफत मिळतो, आणि जाळी पाहण्यासाठी ब्लेंडरही मोफत आहे. चोरून उतरविलेल्या प्रती वापरण्याची गरज नाही. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण आमच्या भागातील किती कॉम्प्युटरवर काय चालते ते आम्ही पाहिले आहे.

दोन्ही बाहुल्यांमधून एक आडवी रेघ कल्पून फोटो सरळ करतात. मग तो फर्म्याच्या चित्रावर ठेवून अर्धपारदर्शक करतात आणि ओढून बसवितात. आधी डोळ्यांचे कोपरे, मग नाकपुड्या, मग ओठांचे कोपरे, शेवटी हनुवटी आणि जबडा. हा क्रम आमच्या कारागिराने बऱ्याच चुका करून ठरविला आहे. हनुवटीपासून सुरुवात केली तर डोळे हलतात, आणि डोळे हलले की माणूस ओळखू येत नाही.

समोरचा फोटो गालाच्या अर्ध्यापर्यंतच उपयोगी. त्यापलीकडे तो ताणला जातो, कारण कॅमेऱ्याला गाल तिरका दिसलेला असतो. तेथून कानापर्यंत बाजूचा फोटो घ्यायचा आणि दोन्हींची कड कानाच्या पुढे मऊ ब्रशने एकमेकांत मिसळायची. वेळ वाचविण्यासाठी काही जण अर्धा चेहरा करून तो आरशासारखा उलटा करून दुसरीकडे लावतात. हे करू नये. अल्लाहने कोणाचाही चेहरा दोन्हीकडे अगदी सारखा घडविलेला नाही. एक भुवई वर असते, एक गाल भरलेला असतो, तीळ एकाच बाजूला असतो. उलटून लावलेल्या चेहऱ्यावर दोन तीळ येतात आणि पाहणाऱ्याला कारण न कळता काहीतरी खटकते.

त्यानंतर उजेड-सावली काढण्याचे काम. आमच्या मते सर्वांत अवघड हेच. गेममध्ये आखाड्याचे दिवे आपली सावली स्वतः पाडतात. फोटोतील सावली तशीच राहिली तर नाकाखाली दोन सावल्या पडतात, आणि पैलवान पाठ फिरवून परतला तरी त्याच्या डाव्या गालावर फोटोवाल्याच्या खिडकीचा उजेड चमकतच राहतो. उपाय असा की, फोटोची एक प्रत इतकी धूसर करायची की नाक-डोळे ओळखू येऊ नयेत. त्या प्रतीत केवळ उजेड आणि सावली उरते. मूळ फोटोतून ती वजा केली की त्वचेचा बारीक पोत राहतो आणि सावली जाते. मात्र मर्यादा हवी. प्रमाणाबाहेर केले तर चेहरा जास्त ब्लीच लागलेल्या कापडासारखा मुर्दाड होतो. कपाळ आणि नाकावरील तेलकट चमकही पुसावी, कारण चमक दाखविण्यासाठी गेममध्ये वेगळे चित्र असते.

होय, एका चेहऱ्याला एकच चित्र पुरत नाही. एक रंगाचे, एक चमकेचे, आणि एक उंचसखलपणाचे. हे तिसरे जांभळट निळ्या रंगाचे दिसते आणि दिव्याला सांगते की येथे सुरकुती आहे, येथे व्रण आहे. फोटोवरून ते आपोआप तयार करणारे कार्यक्रम आहेत, पण ते काळे दिसेल ते खोल समजतात. त्यामुळे तिळाच्या जागी खड्डा पडतो आणि भुवईच्या जागी चर. हाताने दुरुस्त करावेच लागते.

मान वेगळ्या लॉटची

एका रात्री चेहरा तयार झाला, पैलवान आखाड्यात उभा राहिला, आणि आम्ही म्हणालो, "माशाअल्लाह, हुबेहूब!" तो मुलगा मात्र खूश नव्हता. "चाचा, मान बघा. मान वेगळ्या लॉटची आहे."

खरोखरच तसे होते. चेहरा फोटोतून आलेला, शरीर गेमचे, आणि दोन्हींची शेड गळ्याच्या रेषेवर फुटत होती. कुर्ता एका लॉटमधून आणि सलवार दुसऱ्या लॉटमधून रंगविली की घडीत फरक दिसत नाही, अंगावर चढली की दिसतो; अगदी तसेच. यावर त्याची पद्धत अशी: गळ्याच्या शरीराकडील बाजूचा रंग तीन-चार ठिकाणांहून उचलायचा, चेहऱ्याचा सरासरी रंग त्याकडे वळवायचा, आणि जबड्याखालील दोन बोटे भाग फोटोचा न ठेवता गेमच्याच त्वचेचा ठेवायचा. म्हणजे जोड हनुवटीच्या सावलीत येतो.

पण संपूर्ण चेहऱ्यावर एकच रंग फिरवायचा नाही. कपाळ किंचित पिवळट, गाल-नाक-कान तांबूस, आणि दाढी केली असली तरी जबडा राखाडी निळसर. हे तीन पट्टे पुसले गेले की चेहरा मातीचा दिसतो. शिवाय गेममध्ये दिवे बदलतात: पैलवान आत येताना निळे, लाल, आखाड्यात पांढरे. दुकानात जुळलेली आणि उन्हात फुटलेली शेड आपण सर्वांनी पाहिली आहे आणि त्यापायी माल परतही घेतला आहे. म्हणून चेहरा किमान तीन वेगवेगळ्या दिव्यांत पाहिल्याशिवाय पास करू नये.

आणखी एक बाब शिलाईची. टेलर जसे शिवणीच्या बाहेर कापड सोडतो, तसा फर्म्याच्या कडेबाहेर आठ-दहा ठिपके त्वचेचा रंग वाढवून ठेवावा. पैलवान दूर गेला की यंत्र चित्राची लहान प्रत वापरते, आणि लहान करताना कडेबाहेरचा काळा रंग आत झिरपतो. मग डोक्यामागे काळी रेघ दिसते.

चढविणे

चढविण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली कंपनीने दिलेली. २०२२ मध्ये आलेल्या डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ सारख्या गेममध्ये फोटो कंपनीच्या संकेतस्थळावरून पाठवायचा, तो गेममध्ये उतरतो, आणि तेथे डोक्यावर सरकवून, लहान-मोठा करून बसवायचा. सोपी वाट आहे, पण चमक आणि सुरकुतीची वेगळी चित्रे हाती येत नाहीत. शिवाय काही वर्षांनी कंपनी जुन्या गेमची ऑनलाइन सोय बंद करते, तेव्हा तेथे ठेवलेले चेहरेही पोहोचेनासे होतात. आपली मूळ फाइल थरांसह स्वतःकडे ठेवावी.

दुसरी वाट कॉम्प्युटरवरील गेमची. २०१५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई २के१५ कॉम्प्युटरसाठी आल्यापासून ही वाट रुंद झाली. गेमच्या गाठोड्यातून चेहऱ्याची मूळ फाइल काढायची आणि तिच्या जागी आपली ठेवायची. ही फाइल डीडीएस प्रकारची असते. त्यात चित्र दाबून भरलेले असते. २०४८ चे चित्र न दाबता १६ मेगाबाइट होते; डीएक्सटी-१ पद्धतीने तेच २ मेगाबाइट, डीएक्सटी-५ ने ४. दाबण्याची रीत अशी की, चार बाय चार ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग लिहून ठेवतात आणि बाकीचे त्यांच्या मधले धरतात. त्यामुळे ओठांची कड, डोळ्यांतील लाल रेघ अशा ठिकाणी चौकटी दिसू लागतात. तेथे रंगाचा बदल थोडा मऊ ठेवावा. माप, नाव, दाबण्याची पद्धत आणि लहान प्रतींची संख्या मूळ फाइलप्रमाणेच हवी. यातील एक चुकले तर चेहरा काळा येतो किंवा गेम मिटून जातो, आणि नवशिका समजतो की आपले रंगकाम बिघडले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टेक्स्चर हाड बदलत नाही. रुंद जबड्याच्या माणसाचा फोटो अरुंद डोक्यावर चढविला तर तो दुसऱ्याचा कुर्ता घातल्यासारखाच दिसतो. म्हणून आधी गेममधील पट्ट्या सरकवून कवटी, नाक, जबडा जुळवायचा, मगच रंग.

गामा पैलवान

हे सर्व एका चेहऱ्यावर तपासून पाहावे म्हणून आम्ही त्या मुलाला गामा पैलवान करण्यास सांगितले. आमच्या पिढीला नाव सांगावे लागत नाही. नव्या मुलांसाठी इतकेच की, १९१० मध्ये गामा लंडनला गेले, अमेरिकेच्या रोलरला चीत केले, आणि पोलंडचा झबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिला. पुढच्या कुस्तीला तो आलाच नाही आणि पट्टा गामांना मिळाला. १९२८ मध्ये पटियाळ्यात पुन्हा गाठ पडली तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत पाडले. १९६० मध्ये लाहोरला त्यांचा इंतकाल झाला.

अडचणी पुष्कळ आल्या. फोटो काळे-पांढरे, दाणेदार, बहुतेक समोरून. त्या काळच्या बहुतेक प्लेटा लाल रंग पकडत नसत, त्यामुळे गव्हाळ, तांबूस त्वचा फोटोत खऱ्याहून काळी उतरे आणि ओठ तर फारच गडद. फोटोत दिसेल तीच शेड धरली असती तर रंग साफ चुकला असता. मुलाने दोन शेड उजळ धरून वर सांगितलेले तीन पट्टे दिले. मिशी रंगाच्या चित्रातच काढली, पण टोकांकडील केस वेगळ्या पारदर्शक पट्टीवर. कान मात्र रंगाने होईनात. तालमीत रगडून सुजलेला, मुडपलेला पैलवानी कान हा आकाराचा भाग आहे. गेममध्ये त्यातल्या त्यात जवळचा कान निवडून त्यावर सावलीचे बारीक काम करावे लागले. आठवडा गेला. एरवी दोन रात्रींत चेहरा होतो.

चेहरा कोणाचा, नमुना कोणाचा

आता हिशेब. मागील वर्षी परदेशातील एका ग्राहकाने या मुलाकडून आठ चेहरे मागविले. भाव ठरला पंधरा डॉलर नग. तीन नगांचे पैसे आले, बाकीचे "पुढच्या आठवड्यात". आठही चेहरे पोहोचल्यावर ग्राहक गप्प झाला, आणि महिन्याभराने तेच चेहरे तो स्वतःच्या नावाने विकताना दिसला. मुलगा आमच्याकडे आला. आम्ही म्हणालो, "बेटा, तक्रार लिहू, पण आधी सांग, या आठांत तुझे काय आहे?" तेव्हा खाली मान घालून त्याने सांगितले की, तिघांच्या दाढ्या त्याने दुसऱ्या एका कारागिराच्या चेहऱ्यावरून उचलल्या होत्या, न विचारता. आम्ही तक्रार लिहिली नाही. कोणत्या तोंडाने लिहिणार?

आपल्या धंद्यात नमुना चोरला गेल्याचे दुःख कोणाला नाही? आपली बुट्टी आठ दिवसांत दुसऱ्याच्या थानावर दिसते तेव्हा आपण काय बोलतो ते आठवावे. चेहऱ्याच्या कामातही तोच कायदा आहे. रँडी ऑर्टन या पैलवानाच्या अंगावरील टॅटू काढणाऱ्या कॅथरिन अलेक्झांडर या कलावतीने, आपली नक्षी न विचारता गेममध्ये घेतली म्हणून गेमच्या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. कंपनीचे म्हणणे होते की, टॅटू पैलवानाच्या अंगावर आहे आणि पैलवानाने परवानगी दिली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ज्यूरीने कलावतीच्या बाजूने कौल देऊन ३,७५० डॉलर भरपाई ठरविली. रक्कम त्या कंपनीपुढे काहीच नाही. पण अंगावरील नक्षीही कोणाची तरी असते, हे त्यातून सर्वांना कळले. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अभिनेते अनिल कपूर यांचा चेहरा, आवाज आणि प्रतिमा परवानगीवाचून धंद्यासाठी वापरण्यास मनाई केली. शिवाय गेम विकत घेताना ज्या करारावर आपण न वाचता होकाराचे बटण दाबतो, त्यात गेमच्या वस्तूंचा व्यापार करण्यास बहुधा बंदीच असते.

मग उजरत कशाची घ्यावी? आमचे मत असे की, हयात नामवंताचा चेहरा बनवून विकू नये. ग्राहकाने स्वतःचा किंवा घरच्या माणसाचा फोटो त्याच्या परवानगीने पाठविला, तर ती शिलाईची मजुरी झाली. निम्मी रक्कम आधी. नमुना कोपऱ्यात शिक्का मारलेला आणि लहान मापाचा पाठवावा. पूर्ण फाइल उरलेले पैसे आल्यावर. परदेशातून बँकेत आलेली रक्कम कशाची हे बँक विचारते आणि आयकराच्या विवरणात ती दाखवावी लागते, म्हणून प्रत्येक नगाचे बिल करावे. याच हातांना स्वतःचा गेम बनविणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे आणि गेमचे स्टुडिओ असलेल्या पुणे, बंगळूरसारख्या शहरांत नोकरीतही मागणी असते. तेथे अर्ज करताना कोणाची दाढी कोठून उचलली हे विचारले जाते, आणि थर असलेली मूळ फाइल दाखवावी लागते.

काही वाचक विचारतील, चेहरा बनविणे हेच जायज आहे का? तस्वीरच्या मसल्यात, आणि पडद्यावरील चित्राच्या बाबतीत तर विशेष करून, उलेमांत मतभेद आहेत. आम्ही कापडवाले, मुफ्ती नाही. ज्याच्या मनात शंका आहे त्याने हातात काम घेण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारावे. त्या मुलाने विचारले आणि त्यानंतर काही प्रकारची कामे तो घेत नाही.

त्या तीन दाढ्यांच्या कारागिराला त्याने पत्र लिहून सर्व सांगितले. उत्तर आले की, नाव लिहा, बाकी काही नको. गामांचा चेहरा त्याने विकला नाही. कोणीही घ्यावा म्हणून मोफत ठेवला आहे. गामांचे कुटुंब आजही आहे. पाकिस्तानचे माजी पंतप्रधान नवाज शरीफ यांच्या मरहूम पत्नी कुलसूम नवाज या त्यांच्याच नात. परवा इशानंतर आम्ही तो चेहरा पुन्हा पाहिला. पांढऱ्या दिव्यात ठीक, लाल दिव्यात ठीक, निळ्या दिव्यात उजव्या कानामागे एक बारीक रेघ दिसली. मुलगा काही न बोलता फाइल उघडून कडेबाहेरचा रंग वाढवू लागला.